अस्वलापासून सांगायचं

माझ्या वडिलांचा उजवा पाय मोठ्याईनं मोडला. मुसळानं. साल त्र्याऐंशी. त्या दिवशी तो पाय मोडला नसता तर माझे वडील खुनी झाले असते. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्या भावकीत ही हकिगत नेहमी मधूनच सुरू करतात. मधून सुरू केलेल्या हकिगतीनं आमच्या घराची काय दशा केली ते मी डोळ्यांनी बघितलंय.

मोठ्याई म्हणजे यशोदा, माझी थोरली चुलती. माहेर उचगावचं. चौदाव्या वर्षी लग्न होऊन ती खानापूरच्या पश्चिमेला, रानाच्या कडेला असलेल्या आमच्या गावात आली. नवरा नागोजी, माझ्या वडिलांचा थोरला भाऊ. माझे वडील परशराम तेव्हा सात-आठ वर्षांचे होते. घरात सासू नव्हती, त्यामुळे दिराला न्हाऊ घालण्यापासून सगळं तिच्यावरच पडलं. ती त्यांना परशा म्हणायची. ते दोन पोरांचे बाप झाले तरी परशाच म्हणत राहिली.

तिला मूलबाळ झालं नाही. त्यावरून नागोजीनं तिला कधी शब्द ऐकवला नाही, असं आई सांगायची. तो रागीट होता, शिमग्याला आणि लग्नाकार्याला प्यायचा, पण घरात हात उचलत नव्हता. त्याचा एकच जिवाभावाचा दोस्त, रवळू. शेजारच्या गल्लीतला. दोघांची शेतं लागून. रोप लावायला, मळणीला, रानात लाकडाला, शिकारीला, सगळीकडे ही जोडी. रवळूचं लग्न झाल्यावरसुद्धा आठवड्यातनं तीन-चार वेळा तो आमच्याच ओट्यावर जेवायचा, आणि मोठ्याईला म्हणायचा, "वैनी, माझ्या बायकोला तुझ्यावानी आंबील करायला शिकीव की. तिची पिऊन माझं दात आंबल्यात."

एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात हे दोघं शिकेकाई आणायला रानात गेले होते. बांबूच्या बेटातनं अस्वलाची मादी आली. पाठीमागं दोन पिल्लं. नागोजी पुढं होता. वळायच्या आत ती त्याच्या अंगावर आली आणि तिनं त्याला खाली घेतलं. अस्वल तोंडावर आणि डोक्यावर हल्ला करतं हे आमच्याकडं पोरांनाही माहीत असतं. नागोजीनं तोंड मातीत दाबून धरलं, म्हणून डोळे वाचले. पण तिच्या नख्यांनी कपाळाच्या वरपासून मागपर्यंत डोक्याची कातडी सोलून काढली.

पळून जायला रवळूला वाट होती. तो पळाला नाही. त्यानं कुऱ्हाडीनं अस्वलाच्या पाठीत घाव घातले. ती त्याच्याकडं वळली आणि तिनं त्याची मांडी फाडली. तरी तो घाव घालत राहिला. शेवटी ती पिल्लं घेऊन निघून गेली. मग रवळूनं मित्राच्या डोक्यावरची लोंबती कातडी हातानं सारखी करून बसवली, वरनं आपलं धोतर फाडून बांधलं, नागोजीला पाठीवर घेतलं आणि तसल्या मांडीनं तो रस्त्यापर्यंत चालत आला. लाकडाचा ट्रक मिळाला आणि दोघं खानापूरच्या दवाखान्यात पोचले.

नागोजी जगला. पण डोक्याच्या अर्ध्या भागावर परत केस आले नाहीत. तिथं लाल-जांभळी, चकचकीत, सुरकुतलेली कातडी राहिली. तेव्हापासून तो झोपतानासुद्धा डोक्याचं मुंडासं काढायचा नाही. ते डोकं बघितलेली माणसं गावात दोनच. एक मोठ्याई. ती त्याला दर आठ दिवसांनी खोबरेल लावायची, तेही दार लावून. आणि दुसरा रवळू, ज्यानं ते हातानं जुळवलं होतं.

ती चार-पाच वर्षं आपल्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची, असं मोठ्याई म्हणायची. नवरा मरणातनं परत आला होता. घरात वाटणीचा वाद नव्हता. दोघा मित्रांची थट्टामस्करी तर विचारू नका. रवळू म्हणायचा, "त्या अस्वलिणीला तुझं केस आवडलं रं, नेऊन घर शाकारलं असंल." नागोजी पोट धरून हसायचा. पण हे सगळं ओट्यावर, घरच्या माणसांत.

चौऱ्याहत्तरच्या शिमग्याला गावानं रान हाकललं. शिकारीला कायद्यानं बंदी आली होती, पण शिमग्याची शिकार गावानं सोडली नव्हती. एक दांडगं रानडुक्कर पडलं. नागोजीनंही गोळी घातली होती, रवळूनंही. आमच्याकडची रीत अशी, की ज्याची गोळी आधी लागली त्याला डुकराचं मुंडकं मिळतं, आणि बाकीचं मांस घरटी सारखं वाटतात. मुंडक्यात खायला फार काही नसतं. पण ते डोक्यावर घेऊन गावातनं जायचा मान असतो.

देवळामागच्या खळ्यावर वाटणी चालली होती. बायका पातेली घेऊन उभ्या होत्या, त्यात मोठ्याईही होती. जाणत्या म्हाताऱ्यांनी जखमा बघितल्या आणि म्हणाले, "रवळूची गोळी आधीची."

नागोजी प्यालेला होता. तो म्हणाला, "डोळं फुटल्यात काय तुमचं? खांद्यातली गोळी माझी हाय. मुंडकं माझं."

रवळूही प्यालेला होता. तो डुक्कर सोलत बसला होता, हातात कोयता. हसत उठला आणि म्हणाला, "नाग्या, तुझं सोताचं मुंडकं मी अस्वलाच्या तोंडातनं काढून दिलंय. आणि किती मुंडकी पायजेत तुला?"

खळं खदखदून हसलं. तेवढ्यावर थांबलं असतं तर काही झालं नसतं. पण हसू मिळालं की रवळूला आवरायचं नाही. त्यानं रक्तानं भरलेला डावा हात पुढं केला आणि नागोजीचं मुंडासं उडवलं. "बघा रं, माझं काम बघा! कसं शिवलंय!"

सगळ्या गावानं ते डोकं बघितलं. बायकांनी बघितलं, पोरांनी बघितलं. कुणीतरी लहान पोर भ्यालं आणि रडायला लागलं. काहीजण हसतच राहिले.

नागोजीनं बंदूक उलटी धरली आणि दस्त्याचा तडाखा रवळूच्या तोंडावर मारला. दात मोडल्याचा आवाज मोठ्याईला ऐकू आला. रवळूनं तोंडातलं रक्त थुंकलं आणि कोयता फिरवला. एकदाच. तो मान आणि खांद्याच्या मधे बसला आणि आत गेला.

मोठ्याई पहिली पोचली. तिनं पदराचा बोळा करून जखमेत कोंबला. आतनं रक्त तो बोळा बाहेर ढकलत होतं, आणि ती आत दाबत होती. नागोजी शुद्धीवर होता, पण त्याचे डोळे खळ्यावर नव्हते. तो कुठं होता ते तिला नंतर कळलं. तो बांबूच्या बेटात होता, पाच वर्षं मागं.

तो म्हणाला, "रवळ्या, उचल मला."

रवळू कोयता धरून उभा होता. त्याच्या हनुवटीवरनं रक्त गळत होतं. नागोजी परत म्हणाला, "आरं, उचल की. अस्वल गेली."

रवळूच्या हातातनं कोयता पडला. तो खाली बसला, नागोजीला पाठीवर घेतलं आणि रस्त्याच्या दिशेनं पळत सुटला. सगळं गाव उभं राहून बघत राहिलं. मोठ्याई मागनं धावली, पण ओढ्यात तिचा पाय घसरला आणि ती मागं पडली. ती रस्त्यावर पोचली तेव्हा रवळू धुळीत बसला होता आणि नागोजीचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. ते उघडं डोकं त्यानं हातानं झाकून धरलं होतं.

"वैनी, ट्रक येईल आत्ता," तो म्हणाला.

नागोजी मेला होता.

रवळूनं पळून जायचा विचारही केला नाही. पोलीस आले तेव्हा तो तिथंच बसला होता. केस बेळगावच्या कोर्टात उभी राहिली. माझ्या वडिलांना रवळूला फाशी झालेली बघायची होती. ते तीस वर्षांचे होते, भाऊ हाच त्यांचा बाप होता. त्यांनी भावकीला एकत्र केलं आणि साक्ष कशी द्यायची ते ठरवलं. शेताच्या हद्दीवरनं जुनं वैर होतं, रवळू ठरवून कोयता घेऊन आला होता, असं सगळ्यांनी सांगायचं. मुंडासं नाही, दस्ता नाही, पाठीवर घेणं तर नाहीच.

मोठ्याई कोर्टात उभी राहिली आणि तिनं जसं झालं तसं सांगितलं. ती मराठीत बोलत होती, एकजण कानडीत लिहून घेत होता. "मुंडासं काढलं, मग ह्यांनी मारलं, मग त्यानं मारलं," ती म्हणाली. मग "उचल मला" पण सांगितलं. लिहून घेणाऱ्यानं मान वर करून तिला परत विचारलं, "कुणाला म्हणाले? मारणाऱ्याला?"

"व्हय. त्यालाच."

रवळूला दहा वर्षं झाली. फाशी नाही, जन्मठेप नाही.

त्या दिवशी सगळे एसटीनं घरी आले. घरात आल्यावर त्यांनी गोठ्यातलं लाकडाचं दांडकं घेतलं. मोठ्याई चुलीपुढं बसली होती. पहिला तडाखा तिनं डाव्या हातावर घेतला आणि हाड तिथंच मोडलं. पण ते थांबले नाहीत. पाठीवर, मांडीवर, मोडलेल्या हातावर परत. "भावाला इकलंस! माझ्या भावाला इकलंस!" म्हणत मारत होते. आई मधे पडली तर तिच्याही कपाळाला लागलं. मी आठ वर्षांची होते. मोठ्याई ओरडली नाही ते मला आठवतं. ती फक्त "परशा, परशा" म्हणत राहिली, ताप आलेल्या पोराला हाक मारावी तशी.

हात वाकडा जुळला. उचगावहून तिचा भाऊ न्यायला आला. तिनं त्याला चहा दिला आणि म्हणाली, "मी का येऊ? माझं घर हे हाय. माझं शेत हितं हाय. ज्याला लाज वाटत असंल त्यानं जावं."

मग आमच्या घरातली ती नऊ वर्षं सुरू झाली. वडिलांनी रवळूच्या गवताच्या गंजीला आग लावली. रवळूचा धाकटा भाऊ भावकू, त्यानं वडिलांचं डोकं फोडलं. वडिलांनी भावकूला ओढ्यात गाठून त्याचा कान कापला. एका सकाळी आमचा बैल गोठ्यात बसलेला होता, उठता येत नव्हतं. मागच्या दोन्ही पायांच्या शिरा कुणीतरी कापल्या होत्या. तो तीन दिवस हंबरत मेला. वडिलांनी त्याच्या बदल्यात काय केलं ते मी लिहीत नाही. मुक्या जनावरांचं होतं.

आणि दर शिमग्याला सदरा निघायचा. नागोजीचा त्या दिवशीचा सदरा वडिलांनी आढ्याला गाठोड्यात बांधून ठेवला होता. रक्त वाळून तो पुठ्ठ्यासारखा झाला होता, खांद्यापाशी चिरलेला. भावकीतल्या बाप्यांना बोलवायचं, सदरा मधे ठेवायचा आणि मोठ्याईला म्हणायचं, "सांग, काय झालं ते."

ती सांगायची. पण तिनं "रवळू डुक्कर सोलत होता" म्हणून सुरुवात केली, की वडील तिला पुढं रेटायचे, "कोयता मारला ते सांग." ती कोयत्यापर्यंत आली, की ते हात वर करायचे. "बास." पुढचं कुणी ऐकायचं नाही. मग सगळे सदऱ्याला हात लावून शपथ घ्यायचे. आम्हा पोरांनाही हात लावायला लावायचे. त्या नऊ वर्षांत नागोजीकाका आमच्या घरात फक्त मेलेला माणूस होता. तो हसायचा कसा, खायचा काय, हे आम्हा पोरांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी एकदा मोठ्याईला विचारलं, तू वेडी कशी झाली नाहीस? ती भात कांडत होती. वाकडा हात, तरी मुसळ सारखं पडत होतं.

"पहिल्या वर्साला झालतेच की," ती म्हणाली. "डोळं मिटलं की कोयता. डोळं उघडलं की कोयता. मग मी काय केलं, कोयता दिसला की मागं जायला लागले. डुकरापाशी थांबायचं न्हाय, अस्वलापर्यंत जायचं. रवळूनं पाठीवर आणलं ते. तेल लावायचे ते. आंबिलीवरनं हसायचे ते. तिथनं मग एकेक करत परत खाली यायचं, कोयत्यापर्यंत. काय सोडायचं न्हाय. आसं येताना मग कोयता मोठा न्हाय वाटत गं. असतो तेवढाच असतो."

"आणि रवळूचा राग?"

"राग हाय की. राग कुठं जातोय? पण मला त्येचा उपयोग काय?"

त्र्याऐंशीच्या मे महिन्यात बातमी आली की रवळू सुटला. शिक्षेत सूट मिळाली होती. भावकू त्याला आणायला बेळगावला गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघं खानापूरला उतरून ओढ्याच्या वाटेनं गावात येणार, हे गावभर झालं.

त्या सकाळी वडिलांनी ज्योतिबाला आणि भावकीतल्या आणखी एकाला बोलावलं. ज्योतिबा म्हणजे त्यांचा चुलतभाऊ, दांडगा माणूस. कोयत्यांना आदल्या दिवशीच धार लावून झाली होती. सदरा खाली काढला. आई भिंतीला टेकून रडत होती. वडील म्हणाले, "वैनी, सांग."

मोठ्याई उखळापाशी होती. ती आली, सदऱ्यापुढं बसली.

"आज मी सांगणार," ती म्हणाली. "पण अस्वलापासनं सांगणार. मधी हात वर केलास तर तोंड मिटून बसंन. मग शपथ घ्यायला तुला तोंड न्हाय."

आणि तिनं सांगितलं. कातडी कशी लोंबत होती, रवळूनं कशी बसवली. मुंडासं, दस्ता, दात. कोयता आत जाताना ओल्या लाकडात गेल्यासारखा आवाज कसा झाला. जखमेतनं वाफ कशी येत होती. रक्त पदराला ढकलत होतं तेव्हा तिच्या बोटांना नवऱ्याचा जीव कसा लागत होता. "परशा, तू आज हे करायला चाललायस," ती म्हणाली, "तर त्याचा वास कसा येतोय ते ऐकून जा. डुकराचं आणि माणसाचं रगत एका खळ्यावर होतं. मला निराळं कळलं न्हाय." मग ती थांबली नाही. "रवळ्या, उचल मला" म्हणाली. "अस्वल गेली" म्हणाली. ओढा, धूळ, मांडीवरचं डोकं.

ज्योतिबाला यातलं काही माहीत नव्हतं असं नाही. तो खळ्यावर होता. पण नऊ वर्षांत त्यानं ते तोंडावाटे बाहेर काढलं नव्हतं, कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तो कोयता तिथंच ठेवून उठला. "परशराम, मला हे जमायचं न्हाय," म्हणाला आणि निघून गेला. त्याच्यामागोमाग दुसराही गेला.

वडील एकटे राहिले. त्यांनी डोक्याला पटका बांधला आणि कोयता उचलला.

"परशा, बस खाली."

"वैनी, आडवी येऊ नको. ह्येच्यासाठीच जगलोय मी."

"त्येला मारलंस तर तुझा भाऊ परत मरंल. त्येचं शेवटचं बोलणं त्या माणसापाशी हाय. रस्त्यापतोर दोघंच हुते."

वडिलांनी तिला बाजूला ढकललं. ती उखळावर पडली. उठताना तिच्या हाताला मुसळ लागलं. ते दारात पोचले होते, एक पाय उंबऱ्याच्या बाहेर. तिनं ते लांब, लोखंडी कड्याचं मुसळ दोन्ही हातांनी आडवं फिरवलं, डाव्या वाकड्या हातासकट, आणि त्यांच्या उजव्या पायाच्या नळीवर घातलं.

तो आवाज मी अजून ऐकते.

ते पडले. तरी कोयता हातात होताच, सरपटत पुढं जायला बघत होते. तिनं दुसऱ्यांदा मारलं, त्याच जागी. हाड कातडीतनं बाहेर आलं. वडील जनावरासारखे ओरडले आणि मग ओरडायचं थांबले.

मोठ्याईनं त्यांच्या हातातला कोयता काढून घेतला आणि त्यांच्या डोक्यापाशी बसली. घामानं भिजलेली होती. "हाड जुळतं रं," ती म्हणाली. "मला ठावं हाय. तूच दावलंयस. मेलेला माणूस जुळत न्हाय."

त्याच वेळी रवळू ओढ्याच्या वाटेनं घरी गेला असणार. आम्ही कुणी बघितलं नाही. आम्ही वडिलांना बैलगाडीत घालत होतो.

दवाखान्यात त्यांनी माळ्यावरनं पडलो म्हणून सांगितलं. पोलीस आले नाहीत. पायाला प्लास्टर घालून ते घरी आले ते पुरते तीन-साडेतीन महिने पडून. भाताची लावणी मोठ्याईनं, आईनं आणि मी केली. पहिले पंधरा दिवस त्यांनी मोठ्याईच्या हातचं पाणी घेतलं नाही. तिनं हट्ट केला नाही. लावणीवरनं चिखलानं भरून यायची, पाय धुवून त्यांच्या खाटेजवळ बसायची आणि बोलायला लागायची. भिंतीशी बोलल्यासारखी.

"तू तिसरीत नापास झालतास," तिनं एकदा सुरू केलं. "मामंजी मारतील म्हणून माळ्यावर जाऊन लपलास. सगळं गाव हुडकतंय. ह्यांना ठावं हुतं. ह्यांनी कुणाला सांगितलं न्हाय. माळ्याच्या भोकातनं भाकरी वर टाकायचे. दुसऱ्या दिवशी भाकरीच्या जागी जिता खेकडा टाकला."

वडिलांनी डोळे मिटले होते. त्यांची छाती हलायला लागली. मला वाटलं रडतायत. ते हसत होते, आणि हसताना पाय दुखत होता म्हणून शिव्या देत होते. मग खरंच रडले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

त्या पावसाळ्यात आमच्या घरात नागोजीकाका परत राहायला आला. त्याला कारल्याची भाजी आवडायची नाही. तो गायचा बेसूर. परशराम पहिल्यांदा खानापूरच्या बाजारात हरवला तेव्हा काकानं बैल सोडून दिले आणि पोराला शोधत रडत फिरला. एकेक करून मोठ्याई सगळं काढत गेली. हळूहळू वडीलही काढायला लागले. ती चुकली तर सुधारायचे. "तसं न्हाय वैनी, तवा आमी अनगोळला गेलतो, आत्तीकडं."

दसऱ्याच्या आधी प्लास्टर निघालं. पाय जुळला, जरा आखूड. त्या दिवशी वडिलांनी स्वतःहून सांगितलं, सदरा खाली काढा. मोठ्याईनं तो न्हाणीच्या चुलीत घातला, आणि त्यावर तापलेल्या पाण्यानं त्यांनी आंघोळ केली.

मग ती रवळूच्या घरी गेली. मला बरोबर नेलं. दारात त्याची बायको मनुबाई होती. मोठ्याईला बघून तिच्या हातातलं सूप खाली पडलं. रवळू आत बसला होता. पन्नाशीसुद्धा नव्हती, पण म्हातारा दिसत होता. पुढचे दात नव्हते. तो उठून उभा राहिला आणि हात जोडले.

"बस," मोठ्याई म्हणाली. "माफी द्यायला आले न्हाय. ती माझ्यापाशी न्हाय. मला एवढं सांग, ओढ्यापासनं रस्त्यापतोर ते काय बोलले?"

रवळू खाली बसला. मग म्हणाला, "मी कोर्टात बी सांगितलं न्हाय वैनी. कोण खरं मानणार?"

"मी मानीन."

"म्हशीचं बोलला," रवळू म्हणाला. "म्हणाला, म्हस आज-उद्या व्यायची हाय, रेडकू आडवं हाय. हात घालून वळवायला माझ्या येशीला जमायचं न्हाय. तू ये. दोनदा म्हणाला. तू ये. मी म्हणलं, येतो. मग बोलला न्हाय." त्यानं मोठ्याईकडं बघितलं. "मी आलो न्हाय, वैनी. काय झालं म्हशीचं?"

"तिसऱ्या दिवशी व्याली," मोठ्याई म्हणाली. "मीच हात घातला. जगलं रेडकू."

रवळूनं मान हलवली. मनुबाईनं आत जाऊन पाणी आणलं. मोठ्याईनं तांब्याला हात लावला, पण प्यायली नाही. उठली आणि आम्ही निघालो. पुढं ती त्याच्याशी कधी बोलली नाही. भांडण मिटलं असं कुणी जाहीर केलं नाही. भावकू वाटेत दिसला तर वडील खाली बघून जायचे, आणि तोही. पण आमच्या गंजी जळल्या नाहीत, त्यांच्याही नाहीत. सत्त्याऐंशीला रवळू कावीळ होऊन गेला तेव्हा मयताला आमच्या घरातनं कुणी गेलं नाही. फक्त मोठ्याई त्या दिवशी जेवली नाही.

त्याच्या घरनं परत आलो त्या संध्याकाळी वडील ओट्यावर आखूड पाय लांब करून बसले होते. मोठ्याईनं त्यांना सगळं सांगितलं, शब्दानं शब्द. ते ऐकत राहिले. त्यांनी एकदा नाक शिंकरलं.

"कुठली म्हस?" त्यांनी विचारलं. "शिंग मोडलेली?"

"न्हाय रं. ती तुझ्या लग्नाच्या आधीची. ही चांदी. कपाळावर पांढरं हुतं ती."

"चांदी गाभण नव्हतीच त्या साली."

"हुती. मी हात घातलाय, का तू?"

"मग ती दुसरी असंल," वडील म्हणाले. मोठ्याई हातवारे करून चांदीचं कपाळ कुठवर पांढरं होतं ते दाखवायला लागली. आईनं आतनं जेवायला हाक मारली तरी दोघांचं त्या म्हशीवरनं चाललंच होतं.